तोंडात किडा धरून बसलेला राघू, आणि बाकीचे प्रश्न

यावेळी लेन्सबद्दल फक्त एकच प्रश्न आलाय, बाकी सगळी पत्रं 'पक्षी असं का करतोय' असं विचारणारी आहेत आणि ते वाचून खरंच खूप बरं वाटलं. पक्षी काय करतोय हे कळायला लागलं की फोटो आपोआप सुधारतात, आणि आपण त्याच्या मध्ये येतोय का हेही कळायला लागतं. माझ्या मते हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, त्यामुळे आजच्या बऱ्याच उत्तरांत ते पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : ताई, आमच्या गावाजवळ नदीकाठच्या मातीच्या भिंतीत वेड्या राघूंची (पोपट नव्हे, किडे पकडणारे छोटे हिरवे पक्षी) बिळं आहेत. मी वीसेक फुटांवर कॅमेरा लावून एकदम शांत बसतो, हलत पण नाही. तरी राघू तोंडात चतुर धरून समोरच्या तारेवर नुसता बसून राहतो, बिळात जातच नाही. कधीकधी तर तो किडा स्वतःच खाऊन टाकतो. मला बिळात शिरतानाचा फोटो हवाय. अजून किती वेळ थांबायला पाहिजे? — इंदापूर तालुक्यातले एक वाचक

उत्तर : अजिबात थांबू नका, उठा आणि मागे या. तोंडात किडा धरून बाहेर बसलेला राघू म्हणजे आत उपाशी पिल्लं, आणि त्यांना अन्न मिळत नाहीये ते तुम्ही तिथे बसलाय म्हणून. तुम्ही चांगल्या मनाने शांत बसलाय हे मला पत्रावरून कळतंय, पण त्याला तुमच्या हलण्या-न हलण्यापेक्षा वेगळीच काळजी आहे.

यावर आपल्या पुण्यातच फार सुंदर अभ्यास झालाय. गरवारे कॉलेजातले मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेड्या राघूंच्या बिळांजवळ माणूस उभा करून पक्षी काय करतात ते पाहिलं आणि २००२ साली ते प्रसिद्ध केलं. गंमत अशी की कधी माणूस अशा जागी उभा असायचा जिथून त्याला बीळ दिसतं आणि कधी साधारण तेवढ्याच अंतरावर, पण मध्ये आडोसा असल्यामुळे बीळ दिसत नाही अशा जागी. माणसाला बीळ दिसत असेल तर राघू आत जायला खूप कचरायचे, दिसत नसेल तर त्या मानाने बिनधास्त जायचे. म्हणजे माणूस जवळ आहे एवढंच तो बघत नाही, या माणसाला माझं बीळ दिसतंय का हेसुद्धा तो बघतो! एवढासा पक्षी, वजन जेमतेम १५–२० ग्रॅम, आणि समोरच्याच्या नजरेचा विचार करतो. मला हे जेव्हा जेव्हा आठवतं तेव्हा तेवढंच नवल वाटतं.

आता याचा तुम्हाला उपयोग काय, तर नुसतं अंतर वाढवून अर्धंच काम होतं, बसायची जागा पण बदला. बिळाचं तोंड तुम्हाला दिसणार नाही अशा बाजूला या, साठ-सत्तर फूट तरी मागे, आणि फोकस बिळावर न ठेवता राघू जिथे येऊन बसतो त्या तारेवर किंवा वाळक्या फांदीवर ठेवा. खरं बघायचं सगळं तिथेच घडतं. मधमाशी पकडली की तो ती फांदीवर आपटतो, मग पोटाकडचा भाग घासतो म्हणजे नांगी आणि विष निघून जातं, मग वर उडवून गिळतो. चतुर असेल तर नुसता आपटतो, घासत बसत नाही, हा फरक फोटोंच्या सिरीजमध्ये छान दिसतो. विणीच्या सुरुवातीला नर मादीला किडा भरवतो. दुपारी धुळीत लोळून अंघोळ करतात, थंडीच्या सकाळी एकमेकांना चिकटून ओळीने बसतात, मधला एक उडाला की सगळी ओळ सरकते. आणि राघू उडून परत त्याच फांदीवर येतो, त्यामुळे फोटोग्राफरला यापेक्षा सोपा पक्षी नाही. किडा उडताना दिसला की त्याची मान किड्याबरोबर फिरते, ती मान फिरली की बोट शटरवर ठेवायचं.

मागे आल्यावर घड्याळ लावून बघा. दोघं नियमित आत-बाहेर करायला लागले की तुमची जागा बरोबर आहे. अजूनही तोंडात किडा घेऊन बसून राहात असतील तर आणखी मागे. हाच नियम कुठल्याही घरट्याला लागू आहे, पक्ष्याच्या तोंडात अन्न किंवा काडी आहे आणि तो जागेवर बसून इकडेतिकडे बघतोय, ओरडतोय, तर निघा. बिळात शिरतानाचा फोटो मात्र सोडून द्या, तसे फोटो आता बऱ्याच स्पर्धा घेतही नाहीत.

प्रश्न : एक लाखाच्या आत पक्ष्यांसाठी कॅमेरा कोणता घेऊ? — ठाण्याहून एक वाचक

उत्तर : आधी त्यातले काही पैसे बाजूला काढून आठ बाय बेचाळीसची चांगली दुर्बीण घ्या. उरलेल्या पैशात मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा (ज्याची लेन्स बदलता येत नाही) नाहीतर सेकंडहँड बॉडी आणि वापरलेली १५०–६०० ची झूम लेन्स. वागणूक टिपायला ऑटोफोकस वेगवान पाहिजे आणि सलग फ्रेम्स निघाल्या पाहिजेत, मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. ब्रँड कुठलाही चालेल, फक्त दुकानात हातात धरून बघा, कारण दोन-अडीच किलो वजन तासभर उचलता आलं नाही तर लेन्स कितीही भारी असून उपयोग नाही. तांदूळ किंवा वाल भरलेली कापडी पिशवी घरीच शिवा, गाडीच्या खिडकीवर आणि जमिनीवर ट्रायपॉडपेक्षा ती जास्त कामाला येते.

प्रश्न : ताई मी नववीत आहे. आमच्या शेतातल्या विहिरीवर बाभळीला सुगरणीचे खोपे लागतात. मला शाळेच्या प्रोजेक्टसाठी त्याचा अभ्यास करायचाय पण काय काय लिहायचं ते कळत नाही. माझ्याकडे बाबांचा मोबाइल आणि एक जुनी दुर्बीण आहे. — बारामती तालुक्यातली एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, तुझ्याकडे विहिरीवरची बाभळ आहे म्हणजे तुझ्याकडे सगळंच आहे! सलीम अली १९३० च्या सुमाराला अलिबागजवळ किहीमला राहात होते, तेव्हा नोकरी नव्हती, आणि घराजवळच्या खोप्यांवर रोज बसून त्यांनी जे टिपून ठेवलं त्यातून सुगरण पक्ष्याचं सगळं कौटुंबिक आयुष्य जगाला समजलं. त्यांनीही मुख्यतः बघितलं आणि लिहिलं, तेच तुला करायचंय.

पहिली गोष्ट, खोपा विणतो तो नर. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचं डोकं आणि छाती पिवळीधमक होते, मादी मात्र चिमणीसारखी मातकटच राहते. गवताच्या, उसाच्या, शिंदीच्या पात्याला कडेला एक चावा घेऊन तो लांब धांदोटी ओढत नेतो. ती कुठून आणतो बघ, उसाच्या फडातून का बांधावरच्या गवतातून, एका तासात किती वेळा आणतो. आधी फांदीला गाठ, मग कडं, मग वरचं छत, आणि अर्धा खोपा झाला की तो दिसतो उलट्या टोपीसारखा, या अवस्थेला सगळे 'हेल्मेट' म्हणतात. इथे काम थांबतं. नर त्या हेल्मेटला लटकून पंख फडफडवतो, ओरडतो, आणि माद्या येऊन आत शिरून बघतात. मादीला पसंत पडला तर तो अंड्यांची खोली आणि खालची नळी पूर्ण करतो, नाही पडला तर तो खोपा तसाच लटकत राहतो किंवा नर सोडून देतो. आणि पसंत पडला की मादी आत अंडी घालते, बहुतेक दोन ते चार, ती एकटीच उबवते, आणि नर शेजारी दुसरा खोपा विणायला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. हेच सलीम अलींनी किहीमला उलगडलं होतं.

तर तू असं कर. झाडाचं एक मोठं चित्र काढ आणि प्रत्येक खोप्याला नंबर दे. रोज एकाच वेळी, समजा शाळेच्या आधी अर्धा तास, तिथे बस, विहिरीच्या कठड्यापासून लांब आणि घरी सांगून. प्रत्येक नंबरापुढे लिही : कडं, हेल्मेट, पूर्ण, का सोडलेला. मादी कुठल्या नंबरला आली, किती वेळ थांबली, पसंत केला का. खोपे झाडाच्या कुठल्या बाजूला आहेत तेही लिही, बऱ्याच ठिकाणी ते पूर्वेच्या बाजूला जास्त असतात कारण पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो, तुझ्या बाभळीवर तसं आहे का ते तुझं तूच मोज. हेल्मेटमध्ये आतून चिखलाचे गोळे चिकटवलेले असतात, ते नर कधी आणतो बघ. हा चिखल कशासाठी यावर वेगवेगळी मतं आहेत, त्यामुळे तुझी निरीक्षणं कामाची ठरतील.

वहीच्या पानाचे दोन भाग कर. डाव्या बाजूला फक्त डोळ्यांनी दिसलं ते, 'मादी चार नंबरच्या खोप्यात गेली, थोड्या वेळाने बाहेर आली, नर ओरडत होता.' उजव्या बाजूला तुला काय वाटलं ते, 'बहुतेक आवडला नाही.' हे दोन कधीच मिसळू द्यायचे नाहीत, मोठमोठ्या लोकांच्या नोंदी इथेच बिघडतात. मोबाइलने लांबून व्हिडिओ घे, फोटोपेक्षा व्हिडिओ बरा, घरी येऊन हळू करून बघता येतो. आणि फांदी वाकवून खोप्यात डोकावायचं नाही, खाली पडलेला रिकामा जुना खोपा मिळाला तर तो उघडून आतली रचना बघ, शाळेत तोच ने.

प्रश्न : पावसाळ्यात कोकणात नवरंग (रंगीबेरंगी छोटा पक्षी, पिट्टा) बघायला जातो. गाइड मोबाइलवर नवरंगाचा आवाज लावतो आणि पक्षी लगेच समोर येतो. एकदा-दोनदा लावला तर काय बिघडतं? नाहीतर तो झाडीत दिसतच नाही. — मुंबईहून एक वाचक

उत्तर : तो समोर येतो ते भांडायला येतो. त्याच्या दृष्टीने त्याच्या जागेत दुसरा नर घुसलाय आणि ऐन विणीच्या दिवसांत त्याला हुसकावणं भाग आहे. म्हणजे तो खायचं सोडतो, मादीसाठी गाणं सोडतो, उघड्यावर येतो, इकडेतिकडे शोधतो आणि तिथे कुणीच नसतं. तुम्ही एकदा लावलात, पण त्याच वळणावर त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गाडीतून कुणीतरी 'एकदाच' लावतं, रविवारी तर विचारूच नका. पक्ष्याच्या बाजूने मोजलं तर ते एकदा नसतंच. आणि अशा फोटोत येतं काय, तर ताठ उभा राहून चिडलेला नवरंग, सगळ्यांकडे तोच एक फोटो असतो.

न लावता कसा बघायचा ते सांगते. नवरंग पहाटे आणि संध्याकाळी स्वतःहून भरपूर ओरडतो, दोन सुरांची शीळ, आवाजावरून साधारण कुठे आहे ते कळतं. पण तो जमिनीवर चरणारा पक्षी आहे, पालापाचोळा उलटून किडे, गांडुळं शोधतो. त्यामुळे जिथे ओल आहे, पाचोळा आहे आणि झुडपांखाली थोडी मोकळी जागा आहे अशी ओढ्याकाठची जागा बघून उजाडायच्या आधी झाडाला पाठ टेकून खाली बसा, उभं राहू नका. तो टुणटुण उड्या मारत येतो, मध्ये एकदम स्थिर थांबतो, त्या थांबण्यात सेकंदाच्या एकशेपंचवीसाव्या हिश्शाच्या शटरलासुद्धा स्वच्छ फोटो मिळतो, पिशवीवर लेन्स टेकवलेली असली की झालं. नाही आला तर नाही आला, दुसऱ्या दिवशी परत बसायचं.

आवाज लावल्याशिवाय काही सापडतच नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी वन पिंगळ्याची, म्हणजे एका छोट्या घुबडाची, गोष्ट लक्षात ठेवावी. १८८४ नंतर या पक्ष्याची एकही खात्रीची नोंद नव्हती, सगळ्यांनी तो संपला असं धरलं होतं, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ सापडला. त्याचा आवाज तेव्हा कुणाकडे रेकॉर्ड केलेलाच नव्हता, जंगलात फिरून डोळ्यांनीच शोधला. दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो, शेपटी आडवी झटकतो, बघणाऱ्याला पुरेशा खुणा आहेत. त्याचीही पिल्लं वाढवायची जागा आता थोडीच उरलीय, तिथे तर स्पीकर काढूच नका. गाइडला आधीच फोनवर सांगा की आम्हाला आवाज न लावता बघायचंय, आणि पक्षी दिसला नाही तरी त्याचे ठरलेले पैसे पूर्ण द्या, म्हणजे तोही निवांत राहतो.

प्रश्न : भिगवणला रोहितांचे (फ्लेमिंगो) उडतानाचे फोटो हवेत. मागच्या वेळी नाववाल्याने थव्याच्या दिशेने नाव नेली, सगळे उडाले, फोटो मिळाले पण मागून आलेले, पाय आणि शेपट्या. काय चुकलं? — सांगलीहून एक वाचक

उत्तर : पक्षी तुमच्यापासून पळत असेल तर फोटो मागूनच येणार. दुसरं म्हणजे रोहित जागेवरून सरळ उडत नाही, त्याला पाण्यावर धावत जाऊन वेग घ्यावा लागतो, एवढ्या मोठ्या अंगाला त्यात बरीच ताकद लागते, आणि भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर शनिवार-रविवारी नावांची रांग असते. प्रत्येक नाव तसं करायला लागली तर त्यांनी चरायचं कधी?

थवा आधी इशारा देतो, तो वाचायला शिका. निवांत असतील तेव्हा डोकी खाली, चोच पाण्यात उलटी, मान डावी-उजवीकडे फिरतेय, पाय चिखलात तुडवतायत, खालून ढवळून वर आलेलं चोचीच्या गाळणीतून गाळून खातायत. तुम्ही जवळ आलात की कडेची चार-पाच डोकी वर होतात. इथेच थांबायचं, इंजिन बंद. तरी पुढे गेलात तर सगळ्या माना ताठ होतात, मग सगळे एकाच दिशेला चालायला लागतात, गोळा होतात, आणि त्याच्यापुढची पायरी म्हणजे धावणं. नाववाल्याला निघतानाच सांगा, 'दादा, उडवायचे नाहीत, लांब थांबून बांबूने हळू न्या.' तिथले बरेच नावाडी मूळचे मच्छीमार आहेत, त्यांना पाणी आणि पक्षी दोन्ही आपल्यापेक्षा जास्त कळतं, ते उडवतात कारण आपल्यासारखेच गिऱ्हाईक तसा आग्रह धरतात.

उडतानाचे फोटो मिळतातच. थवे सकाळी चरायच्या जागा स्वतःहून बदलतात. सूर्य पाठीमागे घेऊन नाव लावा, वारा कुठून येतोय बघा, मोठे पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उतरतात, त्यामुळे वारा तुमच्या पाठीवर असेल तर उतरणारा थवा समोरून येतो, पंखांचा लाल-काळा रंग पूर्ण उघडा. आणि उडण्यातच अडकू नका हो. थंडीच्या शेवटी मोठ्या रोहितांचे सामूहिक नाच बघायला मिळाले तर ते सोडू नका, सगळे मान उंच करून डोकं खटाखट डावी-उजवीकडे फिरवतात, मग एखादा पंख झटक्यात उघडून धरतो, मग सगळी पलटण एकत्र चालते. जोड्या जमवायची तयारी असते ती, अंडी मात्र पुढे कच्छच्या रणात. याचे चांगले फोटो त्या मानाने फार कमी दिसतात. मुंबईकरांनी ठाणे खाडीला जाताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जावं, ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी चरतात, भरतीला आतल्या पाणथळ जागांवर सरकतात.

याच निमित्ताने गेटवे ते मांडवा लाँचवरच्या लोकांना एक विनंती, कुरवांना (सीगल) गाठ्या-वेफर्स टाकून जवळ बोलावू नका. फोटो मिळतो पण तळलेलं, खारट खाणं त्यांच्यासाठी नाहीये, आणि माणसाच्या हाताकडे बघत उडणाऱ्या पक्ष्याच्या फोटोत त्याचं स्वतःचं वागणं काहीच उरत नाही.

प्रश्न : खंड्या सूर मारतानाचा आणि भोरड्यांच्या (मैनेसारखे पक्षी) थव्याचा, दोन्हीला शटर किती? — सोलापूरहून एक वाचक

उत्तर : खंड्याला दोन हजाराच्या वर (म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या हिश्शापेक्षाही कमी वेळ), प्रकाश असेल तर तीन हजार दोनशे, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. कवड्या खंड्या सूर मारायच्या आधी हवेत एका जागी फडफडत थांबतो म्हणून सुरुवात त्याच्यापासून करा, छोटा खंड्या फांदीवर डोकं वर-खाली करतो आणि मग जातो. फ्रेममध्ये खाली भरपूर पाणी सोडा. भोरड्यांना दोन्ही करून बघा, हजाराच्या वर घेतलं तर थव्याचा आकार स्वच्छ येतो, पंधराव्या-तिसाव्या हिश्शाला घेतलं तर ज्वारीच्या रानावर धूर वळल्यासारखा दिसतो. संध्याकाळी मुक्कामाच्या झाडांवर उतरायच्या आधी थवा फिरतो तेव्हा आकाशाकडे बघत राहा, ससाणा किंवा शिक्रा आला की तो थवा एकदम घट्ट होतो, ते बघायचं असतं. पांढऱ्या बगळ्याला एक्सपोजर थोडं खाली आणि आकाशासमोरच्या काळ्या पक्ष्याला वर, एवढं लक्षात ठेवलं तरी बरेच फोटो वाचतात.

प्रश्न : आमच्या रानात टिटवीने ढेकळांत चार अंडी घातलीत. जवळ गेलं की डोक्यावर झेपावते. बैल गेले तर समोर पंख पसरून उभी राहते. फोटो काढू का? आणि पाळी घालायचीय, त्याचं काय करू? — फलटणहून एक शेतकरी

उत्तर : दादा, तुम्ही जे लिहिलंय ते अगदी अचूक निरीक्षण आहे. माणूस आला तर ती झेप घेते, जनावर आलं तर जमिनीवर पंख पसरून आडवी उभी राहते, कारण जनावर अंडी खाणार नाही पण तुडवेल, त्याला फक्त वळवायचं असतं. कधीकधी ती भलत्याच जागी जाऊन अंड्यांवर बसल्याचं सोंगही करते, आपण तिकडे जावं म्हणून. फोटो याचे काढा, पण बांधावरून.

दुपारी अकरा ते चार मात्र तिकडे फिरकूच नका. ती त्या वेळी ऊब द्यायला बसलेली नसते, अंड्यांवर सावली धरून उभी असते, जवळ पाणी असेल तर पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. तुम्ही तिला उठवलं की तापलेल्या ढेकळांत अंडी लगेच तापतात. ती पाण्यावर जाऊन पोट भिजवतानाचा फोटो अंड्यांपासून लांब राहून मिळाला तर नक्की पाठवा. पाळी घालताना अंड्यांच्या चारी बाजूला थोडी जागा सोडून लांबून दिसतील अशा चार काड्या रोवा, फडकं बांधू नका, कावळ्याला पत्ता मिळतो. उबवण साधारण महिन्याभराची, आणि पिल्लं अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात चालायला लागतात, तुमची जागा मोकळी.

प्रश्न : आमच्या देवराईत धनेशाची (हॉर्नबिल) ढोली आहे. फोटो टाकल्यावर लोक लोकेशन विचारतायत. देऊ का? — संगमेश्वर तालुक्यातले एक वाचक

उत्तर : नका देऊ, ओळखीच्यांनाही नाही. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेते, तोंडाला फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि त्या काळात तिची पिसंही गळतात म्हणजे उडून जायचा पर्याय तिला नाही. तिचं आणि पिल्लांचं सगळं अन्न एकटा नर आणतो, वड-उंबराची फळं एकेक करून बाहेर काढून फटीतून देतो. खाली दहा माणसं उभी राहिली आणि तो बिचकून लांबच बसला तर आत उपाशी राहायचं. कायद्याचंही लक्षात असू द्या, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना त्रास देणंही येतं.

तुम्हाला बघायचंच असेल तर ढोली सोडून फळांनी लगडलेल्या उंबराखाली लांब बसा. धनेश फळ चोचीच्या टोकात धरून वर उडवून गिळतो, तो फोटो ढोलीच्या फोटोपेक्षा कितीतरी चांगला, आणि त्याच झाडावर हरियाल, कोकीळ, तांबट सगळे येतात. मोबाइलच्या फोटोत लोकेशन आपोआप साठतं, टाकायच्या आधी ते बंद करा. देवराईच्या गावकऱ्यांना मात्र ढोलीचं झाड नक्की दाखवून ठेवा, ते झाड वाचवणारे तेच आहेत.

प्रश्न : माझं वय ७४, गुडघ्यांमुळे घराबाहेर फारसं पडता येत नाही. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून रोज सातभाई दिसतात. नुसतं खिडकीतून बघून काही उपयोग आहे का? — पुण्याहून एक आजी

उत्तर : आजी, एकच टोळी रोज बघायला मिळणं हे जंगलात फिरणाऱ्यांना मिळत नाही. सातभाईंचं सगळं एकत्र कुटुंब असतं, बाकीचे खाली पाचोळा उलटत असतात तेव्हा एखादा वर पहाऱ्याला बसतो. तो पहारेकरी किती वेळाने बदलतो ते बघा. मांजर आली तर आवाज कसा आणि शिक्रा आला तर कसा, दोन्ही वेगळे वाटतात का ते कान देऊन ऐका. कोण कोणाची मान चोचीने साफ करतो, कोण नुसता मान पुढे करून बसतो. पिल्लांना आईबापांशिवाय टोळीतले बाकीचेही भरवतात, तेही तुम्हाला वरून छान दिसेल.

आणि पावसाळ्यात एक खास गोष्ट शोधा. पावशा आणि चातक दोघंही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात, सातभाईंची अंडी निळी, यांचीही निळीच. जुलैपासून पुढे टोळीच्या मागे एखादं वेगळंच पिल्लू दिसलं, शेपूट लांब, सतत चोच वासून ओरडतंय आणि सगळी टोळी त्याला भरवतेय, तर कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. छातीवर-पोटावर रेघा, ठिपके असतील तर पावशाचं, डोक्यावर तुरा आणि पोट फिकट असेल तर चातकाचं. नातवंडांपैकी कुणाला मोबाइलने एक व्हिडिओ काढायला सांगा आणि तारखेसकट मला पाठवा, पुढच्या एखाद्या अंकात त्यावर लिहिते.